‘मला चढली नाही’ म्हणणाऱ्याच्या हाती यंत्र देऊ नका

आमच्यासारख्याने लिहायचे ते बहुधा खताच्या मात्रेवर, बोंडअळीवर, नाहीतर बियाण्याच्या उगवणशक्तीवर. आज विषय वेगळा आहे. आज दारूवर लिहायला बसलो आहे. ‘आता साहेब कीर्तन लावणार’ असे म्हणून पान उलटू नका. दारूने संसार बुडतो हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही, ते घरोघरच्या माउल्या रोज सांगतात. मला एवढेच सांगायचे आहे, की दारू पोटात गेल्यावर माणसाच्या लक्षाचे काय होते आणि त्याचा आपल्या मळणी यंत्राशी, फवारणीच्या पंपाशी, ट्रॅक्टरशी आणि विहिरीच्या काठाशी काय संबंध आहे.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली. सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या, आभाळ भरून आलेले. भाड्याचे मळणी यंत्र गावात एकच. पाळी आली ती रात्री नऊला. मालकाने चार गडी जमवले आणि ‘रातभर वढायचं हाय’ म्हणून मजुरीवर प्रत्येकी एक क्वार्टर दिली. यंत्राच्या तोंडाशी उभा होता तो गावातला सगळ्यात जाणता गडी. वीस वर्षे मळणीचे काम केलेला. अकराच्या सुमाराला त्याचा उजवा हात पेंढीबरोबर आत गेला. तीन बोटे गेली.

चार दिवसांनी मी दवाखान्यात भेटायला गेलो. बँडेज केलेला हात छातीवर धरून तो म्हणाला, “साहेब, लोकं काय बी म्हणत्याल. पण पोरांची आन घेऊन सांगतो, मला चढली नव्हती.”

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेले नाही. कारण तो खोटे बोलत नव्हता. बाकीचे गडीही तेच सांगत होते. झोकांडी नाही, बडबड नाही, हात स्थिर, जीभ सरळ. मग बोटे गेली कशी? या प्रश्नाच्या मागे लागलो. ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. जे कळले ते आज तुमच्यापुढे मांडतो. माझी कृषी पदविका आहे, डॉक्टरकीची पदवी नाही. त्यामुळे सोप्या शब्दांतच सांगतो.

दारे धरणारा झोपतो

आपण रात्री पिकाला पाणी देतो तेव्हा दारे धरणारा माणूस लागतो. मोटार चालू असली की पाटाला पाणी येतेच. पण कोणत्या सरीला सोडायचे, कुठे थांबवायचे, बांध कुठे फुटला, हे बघणारा तो असतो. मेंदूतही असेच आहे. डोळे, कान, हात यांच्याकडून निरोप सतत येत असतात. त्यातल्या कशाकडे लक्ष द्यायचे, कशाकडे नाही आणि हात कधी मागे घ्यायचा, हे ठरवायचे काम मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग करतो. तो आपला दारे धरणारा.

दारूत नशा आणणारा पदार्थ म्हणजे इथेनॉल. साखर कारखाने बनवतात आणि पेट्रोलमध्ये मिसळतात तेच हे रसायन. त्याचे कण अगदी लहान आणि पाण्यात सहज मिसळणारे. भाकरीसारखे त्याला पचावे लागत नाही. पोटातून थोडे आणि लहान आतड्यातून बरेचसे ते थेट रक्तात जाते आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. उपाशीपोटी घेतली तर आणखी लवकर.

मेंदूतल्या पेशी रसायनांच्या निरोपाने एकमेकींशी बोलतात. ‘गाबा’ नावाचे रसायन पेशीला शांत करते, तो आपला ब्रेक. ‘ग्लुटामेट’ पेशीला चेतवते, ती रेस. दारू ब्रेक दाबते आणि रेस सैल करते. शिवाय ‘डोपामिन’ नावाचे रसायन सुटते, त्याने बरे वाटते. म्हणून पहिल्या पेल्याला माणूस मोकळा होतो, बोलका होतो, आणि आपण म्हणतो ‘अंगात हुशारी आली’. खरे तर हुशारी येत नाही. आवरणारा, थांबवणारा भाग आधी ढिला पडतो, त्यालाच आपण हुशारी समजतो. त्यानंतर मानेच्या वरच्या बाजूला असलेला लहान मेंदू सापडतो, मग तोल जातो, जीभ अडखळते. म्हणजे झोकांडी ही पुढची पायरी आहे. लक्ष त्याच्या आधीच गेलेले असते. आपण मात्र झोकांडी दिसेपर्यंत ‘याला चढली नाही’ असेच धरून चालतो.

क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली यावर एक विचार मांडला. दारूने माणसाची नजर आखूड होते, डोळ्याची नव्हे, मनाची, असे त्यांचे म्हणणे. जे अगदी समोर आहे, ठळक आहे, तेवढेच दिसते. बाजूचे दिसत नाही, पुढचा परिणाम दिसत नाही. दारे धरणारा झोपला की पाणी जवळच्या सखल वाफ्यात जाते, तसे लक्ष जवळच्या गोष्टीत जाऊन साचते. आमच्या त्या गड्याला पेंढी दिसत होती, संपवायची गंजी दिसत होती. आपला हात यंत्राच्या तोंडात किती आत गेला, हे त्याला दिसत नव्हते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. एकाच कामावर लक्ष ठेवायचे असेल तर थोड्या दारूने फार बिघडल्यासारखे वाटत नाही. पण एका वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचे म्हटले की थोड्या दारूतच घसरण सुरू होते. आता सांगा, शेतातले कोणते काम एकाच गोष्टीवर लक्ष ठेवून होते? ट्रॅक्टरवाल्याला पुढचा रस्ता, मागची ट्रॉली, बाजूचे पोर आणि समोरून येणारा दिवा, सगळे एकदम बघावे लागते.

ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टचेच उदाहरण घ्या. तो मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ९. हात मागे घ्यायला अर्धा सेकंद उशीर झाला तर तेवढ्यात साडेचार फेरे होतात. सदऱ्याचे टोक, धोतराचा सोगा, बाईच्या लुगड्याचा पदर गुंडाळायला तेवढे पुष्कळ झाले. रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने ट्रॅक्टर चालला तरी तो अर्ध्या सेकंदात पावणेतीन मीटर पुढे जातो. बैलाच्या काळात अर्ध्या सेकंदाला काही किंमत नव्हती. प्यालेल्या गाडीवानाला बैल घरी आणून सोडत. ट्रॅक्टर आणून सोडत नाही.

चूक झाल्याची घंटाच वाजत नाही

आता मुख्य मुद्द्यावर येतो. जर्मनीतले डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूतली विजेची हालचाल पहिल्यांदा नोंदवली. दवाखान्यात छातीचा ईसीजी काढतात, तसा हा मेंदूचा आलेख. त्यावरून पुढे कळले, की अचानक एखादा वेगळा आवाज किंवा खूण आली, की साधारण ३०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, मेंदूत एक लाट उठते. ‘इकडे लक्ष दे’ अशी ती लाट. दारू घेतल्यावर ही लाट बुटकी होते. आवाज कानावर पडतो, पण मेंदू त्याची दखल कमी घेतो.

त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. आपल्या हातून काही चुकले, की मेंदू स्वतःच एक घंटा वाजवतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, आपल्याला ‘अरे चुकलं’ असे शब्दांत कळण्याच्याही आधी. विळा वाकडा पडला की हात आपोआप सावरतो तो या घंटेमुळे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना दारू देऊन बटणे दाबायचे साधे काम करायला लावले आणि डोक्यावरच्या तारांनी हीच घंटा मोजली. माफक दारूनेही ती क्षीण झाली, असे त्यांना दिसले.

म्हणजे दारू दोन चोऱ्या करते. आधी लक्ष चोरते आणि मग चोरी झाल्याची खबरही चोरते. माणूस चुकतो, पण आपण चुकतोय हे त्याला कळत नाही. म्हणून त्याला मनापासून वाटते, मला चढली नाही. चढली की नाही हे ज्याने ओळखायचे, तो मेंदूच आधी दारूच्या ताब्यात गेलेला. कुंपणच शेत खाते म्हणतात ते हेच.

‘तुम्ही कोण सांगणारे’ असे कोणी म्हणेल, म्हणून माझेही सांगतो. सात वर्षांपूर्वी एका निरोपाच्या जेवणात मी दोन पेग घेतले आणि रात्री मोटारसायकलने चौदा किलोमीटर घरी आलो. सहकारी थांब म्हणत होते. मी म्हणालो, ‘काही झालेलं नाही मला.’ घरी आलो, गाडी नीट लावली, कडी घातली, झोपलो. सकाळी बघतो तर उजवा फूटरेस्ट वाकलेला आणि सायलेन्सरवर पांढऱ्या रंगाचा लांब ओरखडा. कशाला घासलो, दगडाला की पुलाच्या कठड्याला, मला आजही सांगता येत नाही. त्या जागी माणूस असता तर? मला आठवले नसते, हे उत्तर फार वाईट आहे. त्या दिवसापासून गाडीच्या चावीबरोबर पेला हातात घेतला नाही. त्या गड्याला दोष द्यायची माझी लायकी नाही, कारण मी नशिबाने वाचलो आणि तो सापडला.

रात्रीची सकाळी उतरते का? हिशोब करा

‘रात्री घेतली, सकाळी कामाला काय हरकत?’ असे बरेच जण विचारतात. आपण हिशोबी माणसे आहोत, हिशोबच करू. विदेशी दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. १८० मिलीची क्वार्टर घेतली तर तिच्यात सुमारे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल झाले. वजनात साधारण ६० ग्रॅम. निरोगी माणसाचे यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळते. म्हणजे एक क्वार्टर पूर्ण उतरायला ६ ते साडेआठ तास. दोन क्वार्टर झाल्या तर १२ ते १७ तास. रात्री दहाला दुसरी संपवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाही तिचा काही भाग रक्तात असतो, आणि काहींच्या बाबतीत दुपारी तीनपर्यंत.

तुम्ही म्हणाल, आम्ही लिंबू पिळून पितो, काळा चहा घेतो, थंड पाण्याने आंघोळ करतो. त्याने झोप उडते, दारू उतरत नाही. यकृताला घाई करायला लावणारे औषध नाही. उतरल्यावरही डोके जड, तहान, चिडचिड आणि मंदपणा राहतो, तेव्हाही लक्ष पूर्ण जाग्यावर आलेले नसते. शिवाय दारूने झोप लवकर लागते पण पहाटेकडची झोप मोडते. सात तास पडून राहिलेला माणूस सकाळी न झोपल्यासारखा उठतो तो यामुळे.

मोटार वाहन कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. ६० किलो वजनाच्या माणसाने एक क्वार्टर भराभर घेतली तर हा आकडा सव्वाशेच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे मर्यादेच्या चौपट. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पण हा कायदा रस्त्यावरचा. खळ्यावर, शिवारात, विहिरीवर फुंकायला लावणारा पोलीस येत नाही. तिथे तपासणी आपलीच.

रात्रीचे पाणी आणि जागरण

आता जागरणाचे बघा. पहाटे पाचला उठलेला शेतकरी रात्री दहाला मोटार चालू करायला निघतो तेव्हा त्याला उठून १७ तास झालेले असतात. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले, की १७ तास सलग जागा असलेला माणूस हात आणि नजर जुळवण्याच्या कामात १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मागे पडतो. म्हणजे आपला शेतकरी एक थेंब न पिताही रात्री अर्धा पिलेलाच असतो. त्यावर ‘थंडी वाजती’ म्हणून घोटभर घेतली की बेरीज होते. ओल्या हाताने स्टार्टर, अंधारात विहिरीचा काठ, बांधावरचा साप, हे सगळे लक्ष मागणारे आहे. आणि थंडीचे म्हणाल तर दारूने कातडीकडे रक्त येऊन ऊब वाटते एवढेच, आतली उष्णता उलट बाहेर जाते.

कृषी पंपाला दिवसा वीज मिळावी ही आपली मागणी रास्तच आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. पण जिथे अजून रात्रीची पाळी आहे तिथे तेवढ्या रात्री तरी बाटली घरात राहू द्या.

फवारणीत दुहेरी घात

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्याची कारणे वेगळी होती, त्याचे खापर दारूवर फोडणे अन्यायाचे होईल. पण त्या हंगामाने फवारणीत केवढी जोखीम आहे ते दाखवले, म्हणून इथे आठवण दिली. फवारणी हे मोजमापाचे काम. किती मिली औषध, किती लिटर पाणी, वारा कुठून कुठे, नळी कुठे गळते, तोंडावरचा रुमाल सुटला का. प्यालेला माणूस माप टोपणाने अंदाजे टाकतो, वाऱ्याच्या तोंडावर जातो आणि नोझल तोंडाने फुंकतो. एरवी जी चूक तो दुसऱ्याला करू देणार नाही, ती स्वतः करतो.

दुसरा घात याहून वाईट. कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फेट नावाचा एक मोठा गट आहे. त्याच्या विषबाधेत घाम सुटतो, मळमळ-उलटी होते, तोल जातो, बोलणे अडखळते, डोळ्यापुढे अंधुक होते. तोंडाला दारूचा वास आला की बघणारे म्हणतात, ‘लै झालीय त्याला. झोपू द्या, उतरंल.’ आणि ज्या तासाभरात दवाखाना गाठायचा तो तास लिंबाखाली झोपण्यात जातो. लक्षात ठेवा, फवारणी केलेल्या माणसाला असा त्रास झाला तर प्यालेला असो वा नसो, कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचे लेबल घेऊन थेट दवाखान्यात न्या. डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक झाली असेल आणि लाळ गळत असेल तर ते दारूचे लक्षण नाही, विषाचे आहे.

‘फवारणीनंतर थोडी घेतली की औषध मारतं’ असेही काही मजूर सांगतात. हे साफ खोटे. जे यकृत विषाशी झुंजते त्याच्यावरच आपण दुसरे ओझे टाकतो.

घरच्यांच्या हाती काय राहते

आमच्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे प्रस्ताव येतात. २०२३ पासून ही योजना सध्याच्या रूपात आहे. अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. पण अमली पदार्थांच्या अंमलाखाली असताना झालेला अपघात या योजनेत बसत नाही. नियम माहीत असावा म्हणून सांगतो. कर्ता माणूस गेला, यंत्राचे भाडे अंगावर, पोरे लहान, आणि कागदोपत्री एक ओळ आड आली की त्या माउलीपुढे काय बोलावे आम्हाला सुचत नाही. त्याने रात्री घेतलेल्या पेल्याची किंमत त्याने मोजलीच. तिने का मोजावी?

पिणाऱ्यावर सोडू नका

आता मुद्द्याचे. दारूबंदी असावी की नसावी, गावात बाटली आडवी करावी की उभी, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. मी आज तो काढत नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. चार गोष्टींजवळ दारू नको: यंत्र, विष, चाक आणि रात्रीची विहीर.

आणि हे पिणाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. ‘ज्याचं त्याला कळतं’ असे आपण म्हणतो. वर सांगितले त्याप्रमाणे ज्याचे त्याला कळत नाही, हीच तर दारूची करणी आहे. घंटा त्याच्या डोक्यात वाजत नसेल तर ती दुसऱ्या कोणीतरी वाजवली पाहिजे.

पहिली जबाबदारी मालकाची. मजुरीवर क्वार्टर देण्याची रीत बंद करा. तेवढेच पैसे द्या, चहा द्या, रात्री गरम भाकरी-पिठले द्या. गड्याला दारू पाजून यंत्राच्या तोंडाशी उभे करणे म्हणजे त्याचा हात आपणच आत ढकलणे आहे. ‘पाजल्याशिवाय गडी येत न्हाईत’ असे मालक म्हणतात. सगळ्या गावाने एकदम बंद केले तर कुठे जातील?

दुसरी जबाबदारी यंत्रमालकाची आणि मुकादमाची. काम लावण्याआधी दोन प्रश्न विचारा. आज घेतली का? आणि काल रात्री किती घेतली, किती वाजेपर्यंत? उत्तर पटले नाही तर त्याला पोती भरायला लावा, यंत्राच्या तोंडाशी नको. यात त्याचा अपमान नाही. आणि यंत्राचे तोंड लांब व वरून झाकलेले ठेवा, भरपूर उजेड ठेवा, रात्री गडी आलटून पालटून उभे करा. त्या रात्री दोष एकट्या दारूचा नव्हता. उघडे तोंड, एकच बल्ब आणि दिवसभराचा शीण हेही वाटेकरी होते.

तिसरी जबाबदारी गावाची. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती, मळणीच्या आणि फवारणीच्या हंगामाआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव साधा असू द्या: आमच्या शिवारात यंत्रावर आणि फवारणीवर प्यालेला माणूस उभा राहणार नाही आणि त्याला कोणी उभा करणार नाही. दंडाची भाषा नको, एकमेकांना टोकण्याची मुभा हवी. आणि घरातल्या बायांचे ऐका. नवरा उंबऱ्यातून आत पाऊल टाकतो त्यावरून तिला कळते. ती ‘आज फवारायला जाऊ नका’ म्हणाली तर तिच्यावर खेकसू नका.

चौथे, कोवळ्या पोरांचे. कपाळामागचा हा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. गटारीला, पोळ्याला, निवडणुकीच्या प्रचारात सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या हाती पेला देणारे आपणच असतो. अजून दारे धरायला न शिकलेल्या माणसाला आपण झोपवतो आहोत.

ज्याला सोडायची आहे त्याच्यासाठी

‘मला कितीही घेतली तरी चढत नाही’ हे काहीजण अभिमानाने सांगतात. ते बळाचे लक्षण नाही. शरीराला सवय झाल्याची, आणि बऱ्याचदा व्यसन लागल्याची ती खूण आहे. अशा माणसाचे पाय डळमळत नाहीत, पण लक्ष डळमळतेच.

ब्रिटनमध्ये ३६,६७८ माणसांच्या मेंदूचे फोटो तपासून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जितकी दारू जास्त तितका मेंदूचा आकार कमी. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे जेवण तुटते, ‘बी-१’ जीवनसत्त्व कमी पडते आणि स्मरण कायमचे जाऊ शकते. हा आजार वर्निके या डॉक्टरांनी १८८१ सालीच नोंदवला आहे. पण दुसरी बाजूही आहे. दारू सुटली की काही आठवड्यांत आणि महिन्यांत मेंदू बराच सावरतो. पडीक जमीन पुन्हा वहितीखाली येते, तसेच.

मात्र एक सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्याने झटक्यात बंद केली तर हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात, ते जीवावर बेतू शकतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रातून कितीतरी माणसे बरी होऊन गावी परतली आहेत. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या बैठकीही अनेक शहरांत-तालुक्यांत होतात. तिथे नाव-गाव जाहीर होत नाही. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शेवटी त्या गड्याविषयी. गेल्या ऑक्टोबरात त्याच खळ्यावर पुन्हा रात्रीची मळणी होती. मी सहज थांबलो. तो दोन बोटांच्या हातात कंदिलासारखी बॅटरी धरून यंत्राजवळ उभा होता. नवीन पोरगा तोंडाशी उभा राहायला पुढे आला. गड्याने त्याला जवळ बोलावले, तोंडाचा वास घेतला आणि म्हणाला, “तू पोत्याकडं जा.” पोरगा रागावला. म्हणाला, “काका, मला चढली न्हाई.”

गड्याने उजवा हात त्याच्यापुढे धरला. “मला बी चढली नव्हती,” म्हणाला.

पोरगा पोत्याकडे गेला. मळणी पहाटे चारला संपली, चहा झाला, आणि सगळेजण दहा-दहा बोटांनिशी घरी गेले. ज्याची सातच होती तो सगळ्यात शेवटी, यंत्राचा पट्टा काढून ठेवून गेला. बंधूंनो, यंदा आपापल्या खळ्यावर असा एक माणूस उभा करा. त्यासाठी आधी कोणाची बोटे जायची वाट बघू नका.